वीस दारांचा पॅसेज : वरळीच्या बीडीडी चाळींतल्या शेजाराचं प्रकरण

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या. जुनी खोली १६० चौरस फुटांची, नवं घर ५०० चौरस फुटांचं आणि फुकट. त्या दिवसापासून दोन वाक्यं आलटून पालटून ऐकू येतात: ‘सुटलो एकदाचे’ आणि ‘चाळीची मजा गेली’. दोन्ही खरी आहेत, बऱ्याचदा एकाच तोंडून निघतात. पहिल्या वाक्याचा हिशोब सोपा आहे. संडासाची रांग सुटली, गळका स्लॅब सुटला. दुसऱ्याचा हिशोब मात्र कुणी मांडत नाही. मजा म्हणजे नक्की काय, ती कुठून येत होती आणि नेमकी कुठे गेली, हे विचारलं की गाडी गणपती, दहीहंडी आणि कोजागिरीवर जाऊन थांबते. गणपती टॉवरच्या पोडियमवरही बसतो, तेव्हा गेलं ते काहीतरी वेगळं आहे.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. चाळ म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती लाकडी कठड्याची गॅलरी, मधलं चौकोनी अंगण आणि गॅलरीत वाळणारी लुगडी. मालिकांनीही तेच नेपथ्य पक्कं करून टाकलं आहे. ती गिरगावची चाळ. बीडीडीला तशी गॅलरी नाही. दुसरी गल्लत बीआयटी आणि बीडीडीची. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टच्या, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळी त्या बीआयटी. बाबासाहेब आंबेडकर राहत होते ती परळची चाळ बीआयटीची. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात १९२० मध्ये हे खातं निघालं. पहिल्या महायुद्धानंतर शहरात घरांची टंचाई भयंकर होती आणि १९१९ च्या जानेवारीत गिरण्यांचा मोठा संप होऊन गेला होता. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या असा बेत ठरला, आणि त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे १ रुपया कर बसवला गेला.

प्रत्यक्षात उभ्या राहिल्या २०७ चाळी: वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजले, मजल्याला २० खोल्या, म्हणजे चाळीला ८०. गुणाकार केला तर साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या होतात. ५० हजारांच्या बेताचा हा तिसरा हिस्सा. तोही सुरुवातीला भरेना. भाडं गिरणी कामगाराच्या आवाक्याबाहेरचं होतं आणि वरळी त्या वेळी शहराच्या काठावर होती. गिरणीपासून लांब, बाजारापासून लांब. खोल्या इतक्या रिकाम्या होत्या की सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या चाळींत तात्पुरता तुरुंग थाटला. सत्याग्रहींना डांबायला बांधकाम फारसं बदलावंही लागलं नाही, यावरून त्या आराखड्याची कल्पना यावी.

आराखडा

बीडीडी चाळीचा एक मजला कागदावर काढायला दोन मिनिटं पुरतात. मधोमध लांब पॅसेज. त्याच्या एका हाताला दहा खोल्या, दुसऱ्या हाताला दहा, दारं समोरासमोर. खोलीला बाहेरच्या बाजूला खिडकी, आतल्या बाजूला पॅसेजमध्ये उघडणारं दार. खोलीत मोरी. संडास मजल्याला सामाईक. सगळं बांधकाम आरसीसीचं, म्हणजे लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचं. त्या काळात मुंबईत राहत्या घरांसाठी हे नवलच होतं.

इथल्या शेजाराचं मूळ या आराखड्यात आहे, तेही चांगल्या हेतूत नाही, एका दोषात. खोलीला बाहेरची बाजू एकच. वारा खिडकीतून आत येतो, पण पलीकडून बाहेर पडायला वाट लागते, आणि ती वाट म्हणजे दार. दार लावलं की खोली कोंडते. मे महिन्यात, वर स्लॅब तापलेला, आत स्टोव्ह पेटलेला, तर दहा मिनिटांत जीव नकोसा होतो. म्हणून दार उघडं. समोरच्याचंही त्याच कारणाने उघडं, कारण त्याचा वारा तुमच्या खिडकीतून येणार आणि तुमचा त्याच्या खिडकीतून. समोरासमोरच्या दोन खोल्या मिळून एक हवेशीर घर होतं. त्यातलं एक दार लागलं की दुसऱ्या घराला घाम फुटतो.

‘चाळीत दारं सताड उघडी असायची’ हे वाक्य लोकांच्या मनाच्या मोठेपणाचा पुरावा म्हणून सांगितलं जातं. मनं मोठी असतीलही, पण आधी वारा हवा होता. दार उघडं म्हटल्यावर बाकीचं आपोआप येतं: दाराला अर्धा पडदा, उंबऱ्यात बसून भाजी निवडणं, कुणाच्या घरी काय शिजलंय ते नाकाने कळणं, भांडणाचा तिसऱ्या वाक्यालाच बभ्रा होणं, आणि एखाद्या घरात सकाळपासून हालचाल नाही हे दहा वाजायच्या आत ध्यानात येणं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी ही शेवटची गोष्ट कुठल्याही बेलपेक्षा भरवशाची होती.

एका रात्रीचा हिशोब

१६० चौरस फूट म्हणजे दहा बाय सोळाची खोली धरू. मोरी चार बाय तीन, १२ चौरस फूट गेले. ओटा पाच बाय दोन, १०. कपाट तीन बाय दोन, ६. पाण्याचं दोनशे लिटरचं निळं पिंप, व्यास दोन फुटांच्या आतबाहेर, ४. राहिले १२८. लोखंडी कॉट सहा बाय तीन, १८. त्यावर एक माणूस आणि खाली एक. कॉटखाली पेट्या नसतील तरच हं; असल्या तर त्या रात्री पॅसेजमध्ये निघतात. आता ११० उरले. जमिनीवर झोपणाऱ्याला सहा बाय दोनची जागा लागते, १२ चौरस फूट. सहा माणसं म्हणजे ७२. आठ माणसांच्या घरात उरतात ३८ चौरस फूट. त्यात दार फिरायला जागा, चपला, देव्हाऱ्याखालचा कोपरा आणि मध्यरात्री मोरीकडे जायची वाट.

हे आठ माणसांचं गणित. नववा माणूस पाहुणा म्हणून आला की एक जण पॅसेजमध्ये जातो. तो बहुधा घरातला कॉलेजात जाणारा मुलगा. पॅसेजमध्ये झोपणाऱ्यांच्या जागा ठरलेल्या असायच्या, आणि दुसऱ्याच्या दारासमोर चटई टाकणं ही कुरापत समजली जायची.

गिरण्या तीन पाळ्यांत चालत तेव्हा हिशोब आणखी सैल व्हायचा. पहिली पाळी सकाळी ७ ते दुपारी ३:३०, दुसरी ३:३० ते मध्यरात्र, तिसरी मध्यरात्र ते सकाळी ७. गाव सोडून आलेल्या एकट्या पुरुषांच्या खोलीत, ज्याला गावकऱ्यांची खोली किंवा नुसतं ‘गाळा’ म्हणत, एकाच वळकटीवर दिवसभरात दोन माणसं झोपून उठायची. एक भोंग्याला निघाला की दुसरा त्याच्या जागी आडवा. अशा खोलीत पंधरा-वीस जणांच्या ट्रंका असत आणि जेवण जवळच्या खानावळीत. खानावळ चालवणाऱ्या बाईचंही घर याच १६० फुटांत, कधी त्याच पॅसेजवर.

लग्नाचा हिशोब तर पाहण्यासारखा. लग्नघराची खोली १६० फुटांचीच, पण गावाहून पाहुणे चाळीस. त्या दोन रात्री डावी-उजवी आणि समोरच्या तीन अशा पाच खोल्या पाहुण्यांना मोकळ्या केल्या जात. यजमान घर धरून जागा होते ९६० चौरस फूट. एका घरात बायका, एका घरात म्हातारी मंडळी, एका घरात नुसत्या बॅगा. ज्यांनी खोल्या दिल्या त्यांचं स्वतःचं बिऱ्हाड त्याच्या पलीकडच्या खोल्यांत सरकायचं. पैसे कुणी कुणाला दिले नाहीत आणि वहीत कुठे मांडलेही नाहीत. पण नोंद पक्की असायची: कुणाच्या लग्नाला कुणी खोली दिली नाही, हे तीस वर्षांनीही बायका तारखेसकट सांगतात.

मयताचं तसंच. बातमी पॅसेजभर जायला पाच मिनिटं. एक जण तिरडीच्या सामानाला, एक फोनला, एक डॉक्टरच्या दाखल्याला. ज्या घरात माणूस गेला तिथे चूल पेटत नाही, म्हणून समोरच्या दारांतून पिठलं-भात येतो. चाळ कमिटीच्या पेटाऱ्यात सतरंज्या आणि मोठी पातेली तयार असतात. टॉवरमध्ये हे सगळं करायला माणसं आहेत, पण स्ट्रेचर लिफ्टमध्ये बसतं का इथपासून सुरुवात करावी लागते.

पॅसेज कोण ठरवतो

शेजार चांगला होता असं म्हणताना तो निवडला कसा गेला, हे सहसा गाळलं जातं. आधी आलेला नंतरच्याला आणतो. गिरणीत मुकादमाने आपल्या गावचा माणूस लावला, त्याने चाळीतली खोली सुटतेय ही खबर गावाला कळवली. अशाने एकेक मजला एकेका तालुक्याचा होत गेला. कुठे रत्नागिरी-सिंधुदुर्ग, कुठे सातारा-कोल्हापूर. गावकीचं मंडळ, भजनी मंडळ, शिमग्याला गावी जाणाऱ्या गाडीची वर्गणी, सगळं त्याच वीस दारांवर चालायचं.

आणि याच वाटेने जातीही वेगवेगळ्या चाळींत बसल्या. बौद्ध वस्तीच्या चाळी कुठल्या आणि मराठ्यांच्या कुठल्या, हे वरळीत लहान मुलालाही ठाऊक असायचं. पॅसेजच्या आत दारं उघडी होती, चाळी-चाळींमध्ये मात्र हद्द होती. ५ जानेवारी १९७४ ला वरळीत दलित पँथरच्या सभेवर दगडफेक झाली आणि दंगल पेटली. ती नायगावपर्यंत पसरली आणि कित्येक दिवस धुमसत राहिली. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव हा तरुण मारला गेला. मध्य मुंबईतल्या लोकसभा पोटनिवडणुकीचे ते दिवस. त्या काळात चाळ क्रमांक हाच माणसाचा ओळखीचा कागद झाला: ‘कितव्या चाळीतला?’ हा साधा प्रश्न राहिला नाही. जुन्या चाळीच्या आठवणींत हा महिना नसेल, तर त्या आठवणी अर्ध्याच आहेत.

बायकांच्या वाट्याचंही तसंच. सामाईक संडासाला रात्री एकटीने जायचं नाही, म्हणून शेजारणीला हाक. पहाटे पाणी यायच्या आधी उठून भांडी लावायची. पाणी किती वाजता येतं यावर अख्ख्या मजल्याची झोप ठरायची. दार उघडं ठेवण्याने वारा मिळाला, तशी नवीन सुनेची बारीकसारीक हालचालही वीस घरांनी पाहिली. ‘मजा गेली’ म्हणणाऱ्यांत पुरुष जास्त आणि ‘सुटलो’ म्हणणाऱ्यांत बायका जास्त दिसतात, त्याचं कारण शोधायला लांब जायला नको.

सिमेंट कुठे हरलं

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले आणि बहुतेक जण पुन्हा आत गेलेच नाहीत. पॅसेजवर सकाळी सातचा डबा निघेनासा झाला. पोलीस, महापालिका, बेस्ट, गोदी अशा नोकऱ्यांवर चाळ तरली. पोलिसांच्या सेवानिवासाच्याच दोन हजारांहून जास्त खोल्या या चाळींत होत्या. पण आता इमारतींचंही वय झालं होतं.

बीडीडीच्या आरसीसीचा आजार एकच आणि साधा आहे. समुद्राकडून येणारी खारी हवा आणि पावसाचं पाणी काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत शिरतं. सळईवर काँक्रीटचं आवरण जुन्या कामात पातळ. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साईड मुरत गेला की काँक्रीटचा क्षारगुण कमी होतो आणि सळईला जे कवच होतं ते जातं. सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्याचा आतून दाब येतो, आधी सळईच्या रेषेत चीर पडते, मग पोपडा सुटतो, मग एखाद्या रात्री ढलपी पडते. रहिवासी प्लास्टर करून घेतात. वर्षभर सगळं ठीक दिसतं, कारण गंज झाकला गेला, थांबला नाही. पुढच्या खेपेला पडणारी ढलपी प्लास्टरसकट पडते, म्हणजे आणखी जड.

त्यात माणसांनी भर घातली. जुन्या लादीवर नवी लादी, तीवर आणखी एक. पोटमाळा. मोरीचा उतार बदलून बाथरूम. मोरीची गळती हा सगळ्यात मोठा शत्रू: वरच्या मोरीचं पाणी खालच्याच्या स्लॅबमध्ये उतरतं आणि तिथली सळई सगळ्यात आधी जाते. बीडीडीच्या कुठल्याही खोलीत छत कुठे सुटलंय ते पाहायचं असेल तर आधी मोरीवरचा कोपरा बघा. दुरुस्तीचं खातं सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, भाडं नाममात्र, त्यामुळे खर्च आणि उत्पन्न यांचा मेळ कधीच बसणार नव्हता.

लॉटरी

पुनर्विकासाचं काम राज्य सरकारने म्हाडाकडे दिलं. २२ एप्रिल २०१७ ला जांबोरी मैदानात भूमिपूजन झालं, प्रत्यक्ष कामासाठी ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा एक. वरळीत ५९.६९ एकर जमीन आणि ९,६८९ रहिवासी. नायगावला ३,३४४, ना. म. जोशी मार्गाला २,५६०. शिवडीच्या १२ चाळी बंदराच्या जमिनीवर असल्याने मागे पडल्या. दरम्यान नावंही बदलली: वरळीचं बाळासाहेब ठाकरे नगर, नायगावचं शरद पवार नगर, ना. म. जोशी मार्गाचं राजीव गांधी नगर. कागदावर. टॅक्सीवाल्याला अजून बीडीडीच सांगावं लागतं.

रहिवाशाच्या बाजूने प्रक्रिया अशी चालते. आधी पात्रता, जी संचालक, बीडीडी चाळी यांच्याकडून ठरते. भाडेपावती कुणाच्या नावावर आहे, खोली हस्तांतरित झाली असेल तर ती कधी आणि कशी, राहण्याचे पुरावे कोणते. इथे अडतं ते भाडेपावतीवर. पावती अजून आजोबांच्या नावावर असते, आजोबा जाऊन चाळीस वर्षं झालेली, वारस तीन आणि त्यातला राहतो एकच. दोन भावांनी एकमेकांना सही दिली नाही की फाईल थांबते. मग करार. मग खोली रिकामी करायची, आणि नवं घर तयार होईपर्यंत एकतर संक्रमण शिबिर नाहीतर महिना २५ हजार रुपये भाडं. पोलिसांचा प्रश्न वेगळाच होता, कारण त्यांची खोली नोकरीची. त्यांच्यासाठी घराची किंमत आधी ५० लाख, मग २५ आणि शेवटी २०२२ मध्ये १५ लाख ठरली.

आणि मग घर कुठलं मिळणार हे ठरवणारी संगणकीय सोडत. प्रकरणाचा कळीचा मुद्दा हाच, आणि चर्चेत तो सगळ्यात कमी आला. सोडत न्याय्य आहे. चाळिसाव्या मजल्यावरून समुद्र दिसतो, चौथ्यावरून समोरची भिंत. वशिल्याने मजले वाटले असते तर हाणामाऱ्या झाल्या असत्या. पण सोडतीचा एकक ‘रहिवासी’ आहे, ‘पॅसेज’ नाही. वीस दारांचा मजला सोडतीत गेला की त्याची वीस सुटी नावं होतात. समोरासमोर साठ वर्षं राहिलेली दोन घरं वेगवेगळ्या विंगमध्ये, एक सहाव्या मजल्यावर, एक एकतिसाव्या. वीस कुटुंबांचा गट करून सोडत गटांमध्ये काढणं गणिताने अशक्य नव्हतं: आधी गटाला मजले, मग गटाच्या आत घरं. अर्थात पात्र-अपात्र एकाच मजल्यावर मिसळलेले, कुणाचे वारसाचे वाद चालू, कुणी पोलीस तर कुणी खाजगी. गट पुरा व्हायला किती काळ लागला असता कोण जाणे. शिवाय तसं मागणारंही फार कुणी नव्हतं. बैठकांत भांडण झालं ते चौरस फुटांवर, कॉर्पस फंडावर आणि पार्किंगवर.

शेजार तसाही सोडतीच्या आधीच विस्कटायला लागला होता. २५ हजारांत वरळीत घर मिळत नाही. माणसं डोंबिवली, बदलापूर, विरारकडे पांगली. भाड्याचं घर अकरा महिन्यांच्या कराराचं, म्हणजे चार वर्षांत तीन-चार घरं. शाळेत जाणारं मूल परत येईपर्यंत कॉलेजला गेलेलं.

नव्या इमारतीत पहिल्या खेपेला दोन विंग, ४० मजले, ५५६ घरं. भागाकार केला तर मजल्याला सातएक घरं येतात. प्रत्येक घराला स्वतःच्या खिडक्या, स्वतःचे दोन संडास, हॉल, दोन बेडरूम. वाऱ्यासाठी दार उघडं ठेवायची गरज उरली नाही, म्हणून ते लागलं. लोक माणूसघाणे झाले म्हणून दारं लागली, हा निष्कर्ष घाईचा आहे. मोकळी जागा दिसली की दारात चपलांचं कपाट येतं, मग बाहेर लोखंडी जाळी, मग कॅमेरा. देखभाल १२ वर्षं म्हाडा करणार आहे. तेरावं वर्ष लागेल तेव्हा लिफ्ट, पंप आणि रंगाच्या खर्चासाठी सोसायटीच्या सभेत एकमेकांची नावं तरी माहीत असावी लागतील.

उभ्या आहेत त्या चाळींचं काय करावं

एक चाळ संग्रहालय म्हणून राखायचा विचार जाहीर झालेला आहे. ते होईल तेव्हा होईल. त्यात खोली ठेवता येईल, पिंप आणि स्टोव्ह मांडता येतील. पॅसेज मात्र माणसांशिवाय नुसता बोळ. त्याची नोंद खोल्या रिकाम्या व्हायच्या आतच घ्यावी लागते, आणि त्याला निधी लागत नाही. ए-३ आकाराचा एक कागद, मापाची टेप, एक साधा फोन आणि चार रविवार पुरतात.

कागदावर वीस चौकोन काढा, दहा समोर दहा. मूळ खोली क्रमांक घाला. प्रत्येक चौकोनात पाच गोष्टी: पहिलं बिऱ्हाड कुठल्या गावचं, तालुक्यासह, कुणाच्या ओळखीने आलं, पहिला कमावता कुठल्या गिरणीत किंवा खात्यात, आणि गिरणीत असेल तर कुठल्या विभागात, साचे की स्पिनिंग, आज कोण राहतं, आणि अडीनडीला किल्ली कुणाकडे ठेवतात. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण सगळ्यात जास्त तोच सांगतो. किल्लीचे बाण कागदावर काढले की वीस घरांचा खरा नकाशा उमटतो. त्यात काही घरांकडे चार-चार बाण येतात आणि एखाद्याकडे एकही नाही.

खोलीमागे पाऊण तास धरा, वीस खोल्यांचे पंधरा तास. रविवारी सकाळी अकराच्या आत जाऊ नये, पाणी आणि मटणाची वेळ असते.

चुका ठरलेल्या आहेत. पहिली: हातात कागद आणि टेप दिसला की लोक म्हाडाचा माणूस समजतात आणि पाठ केलेली उत्तरं देतात. म्हणून कमिटीतलं कुणीतरी बरोबर हवं आणि भाडेपावती, रेशनकार्ड हे शब्दही काढू नयेत. कुणाचे कागद मागायचे नाहीत, त्या कागदांचे फोटो काढायचे नाहीत. दुसरी चूक: साल विचारणं. ‘कधी आलात?’ म्हटलं की माणूस अंदाजाने दशक सांगतो, आणि तो दहा वर्षांनी चुकतो. घटना विचारा. गोदीत स्फोट झाला (१९४४) तेव्हा इथे होतात? कोयनेचा भूकंप (डिसेंबर १९६७) कुठल्या खोलीत जाणवला? पॅसेजवर पहिला टीव्ही कुणाकडे? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, त्यामुळे त्याच्या आधीचा टीव्ही कुणी सांगितला तर बाकीच्या तारखाही तपासून घ्या. दंगल, संप, २६ जुलैचा पाऊस. पाच खुंट्या मिळाल्या की आयुष्य त्यांच्यामध्ये बसवता येतं.

तिसरी: बोलायला पुढे येतात ते मंडळाचे माजी अध्यक्ष. त्यांच्याकडून गणपतीचा इतिहास मिळतो, पॅसेजचा नाही. पाणी, किल्ली, उसनं, बाळंतपण, रात्रीची सोबत ही माहिती बायकांकडे असते, आणि ती नवऱ्यासमोर सांगितली जात नाही. दुपारी तीनला जा. चौथी चूक फोटोंची: सगळे जण चाळीचा दर्शनी भाग आणि जिना टिपतात. हवा असतो तो खोलीच्या दारात उभं राहून, छातीच्या उंचीवरून, आत एक आणि समोरच्या दाराकडे एक असे दोन फोटो, सामान हलवायच्या आधी, दोन्ही दारं उघडी असताना. जमिनीवर फुटपट्टी ठेवली की मापं नंतरही काढता येतात.

पत्रकं भरून झाली की त्यांच्या तीन प्रती करा: एक चाळ कमिटीकडे, एक स्कॅन करून सगळ्या वीस घरांना, आणि एक परिसरातल्या जुन्या वाचनालयात. मूळ कागदावर बॉलपेन वापरू नका, शाई काळाने फिकी पडते. साधी शिसपेन्सिल टिकते. आणि प्रत ज्या घरी द्याल तिथे त्या दिवशी लागलेली सोडत माहीत असेल, तर चौकोनाच्या खाली नवी विंग आणि मजलाही लिहून टाका, म्हणजे किल्ली ठेवायची असेल तर जिना कितवा ते तरी कळेल.